एका बटणाची आवृत्ती

९ जानेवारी

सगळं गेलं! दुकानातून आले, खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नव्हती, आणि दादाच्या खोलीत पाऊल टाकताच कळलं — पडद्यावर भलतंच काहीतरी आहे. खेचर नाही, डोंगर नाही. नुसता झगमगाट. चार माणसं हात वर करून नाचताहेत आणि खाली लिहिलंय, ‘नव्या आवृत्तीत तुमचं स्वागत!’

गेम अपडेट झाला. सेटिंग उघडलं. ‘एक बटण’ हा पर्याय जिथे असायचा तिथे आता काहीच नाही. वरून खाली, खालून वर शोधलं. काढूनच टाकलाय मेल्यांनी!

दादाच्या अख्ख्या शरीरात त्याचं ऐकतं ते एकच — डाव्या हाताचं मधलं बोट. त्या बोटाखाली गोल बटण. दाबलं की खेचर चालायला लागतं, पुन्हा दाबलं की थांबतं, दाबून धरलं की वळतं. मिठाची पोती पाठीवर घेऊन ते डोंगर चढतं, घसरतं, पुन्हा उभं राहतं. बाकी दिवसभर आम्ही दादाची कूस बदलतो, त्याला भरवतो, त्याचं नाक पुसतो. खेचर मात्र तो स्वतः हाकतो. संध्याकाळी मी आले की स्टूल ओढून शेजारी बसते आणि बघते. दिवसातला तेवढाच वेळ बरा जातो.

नव्या खेळाला दोन्ही हात लागतात. सगळी बोटं!

१० जानेवारी

गेम सुरू केला की रोज एक पाटी यायची — ‘नवी आवृत्ती आली आहे. आत्ता घ्यायची की नंतर?’ चौकट आपोआप ‘आत्ता’वरून ‘नंतर’वर, ‘नंतर’वरून ‘आत्ता’वर उड्या मारायची. ती ‘नंतर’वर आली की दादा बटण दाबायचा. इतक्या महिन्यांत एकदाही चुकला नाही. मग काल कोणी चुकलं? घरात दिवसभर असतं कोण?

दिवसभर दादाला सांभाळणाऱ्या मावशींना विचारलं. त्या दादाचे पाय चोळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘मी हातसुद्धा लावला नाही, ताई.’

‘मग काय भुतानं दाबलं?’

‘मला काय विचारता? राजेंना विचारा की.’

किती हा उर्मटपणा! दादाला ‘राजे’ म्हणतात म्हणून मी त्यांचं पुष्कळ खपवून घेत आले. त्याला काय विचारायचं? बोलता येत नाही. अक्षरांचा पारदर्शक तक्ता मध्ये धरायचा, तो एकेका अक्षराकडे बघणार, मी पलीकडून त्याची नजर पकडणार — एक वाक्य व्हायला चहा गार होतो. चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजते, म्हणून मला तेवढं तरी जमतं. ज्या गोष्टीनं त्याच्या काळजाला घरं पडली, तीच त्याच्याकडून अक्षर अक्षर वदवून घेऊ?

जवळ गेले तर डोळे मिटून घेतले त्याने. बिचारा!

१२ जानेवारी

कंपनीला फोन. बराच वेळ गाणं ऐकवलं, मग एक गोड आवाज आला.

‘मॅडम, जुनी आवृत्ती आता उपलब्ध नाही.’

‘अहो, पण आम्ही तीच विकत घेतली होती!’

‘मॅडम, तुम्ही गेम विकत घेतलेला नाही. तो वापरायची परवानगी घेतलेली आहे.’

‘मग ते पैसे कसले होते? परवानगीचे?’

‘हो, मॅडम.’ इतकं सरळ म्हणाली की मला हसूच आलं. मग दादाचा आजार सांगितला, बोट सांगितलं. ती म्हणाली, ‘तुमची सूचना वर कळवते.’ वर म्हणजे कुठे? देवाकडे?

१५ जानेवारी

छातीचे डॉक्टर घरी येऊन गेले. श्वास उथळ होत चाललाय. झोपेत लावतो तो श्वासाचा मास्क आता दिवसाही लागेल. आणि पुढे — गळ्याला छिद्र पाडून नळी, कायमचं मशीन. ‘घाईगर्दीत ठरवायची गोष्ट नाही ही. आत्ताच ठरलेलं बरं. घालायची की नाही, त्यांना विचारलंत का?’

मी म्हटलं, ‘त्याला जगायचंय, डॉक्टर. अहो, रोज खेळायचा! शेवटचा डोंगर राहिलाय अजून त्याचा.’

‘मी नळीबद्दल विचारतोय.’

‘विचारते. नंतर.’

डॉक्टरांना कसं सांगू — पार अंग गेलं, आवाज गेला, तरी संध्याकाळी ते बोट हलायचं आणि मला वाटायचं, अजून आहे. अजून त्याला पुढे जायचंय. खेळ बंद पडला तर तो आतून सोडून देईल, ही भीती मला पोखरतेय. गेम परत आणला पाहिजे. आधी गेम, मग नळीचं बोलणं.

१६ जानेवारी

मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. त्या चप्पल घालताना दाराशी थांबल्या आणि आतल्या खोलीकडे बघत म्हणाल्या, ‘राजे, मान उशीवर नीट ठेवायला सांगा यांना. उजवीकडे कलते.’

मी दार जरा जोरातच लावलं.

१७ जानेवारी

दादाने दिवसभर तक्त्याकडे बघितलं नाही. मी धरला तरी नजर भिंतीवर. मावशी गेल्याचा राग असेल. होईल शांत.

२३ जानेवारी

दुकानाच्या मालकांनी अर्धा दिवस काम द्यायचं कबूल केलं. सकाळी शेजारच्या काकू बसतात, दुपारपासून मी. कंबरेचा काटा ढिला झालाय. दादा दिसायला काडी, पण उचलताना पहाड!

आज त्याला विरंगुळा म्हणून एखादा सिनेमा लावावा म्हटलं. त्याच्या खोलीची एक भिंत जमिनीपासून छतापर्यंत डब्यांनी भरलेली आहे — गेमच्या डिस्क, सिनेमाच्या डिस्क, प्रत्येक डब्याच्या कडेवर नाव. हातीपायी धड होता तेव्हा धूळ पुसायलासुद्धा कुणाला देत नसे. ‘ढमे, हातात आलं तेच आपलं! हवेतलं काय, आज आहे, उद्या नाही,’ असं सारखं ऐकवायचा. मला ढमी म्हणणारा जगात तो एकटाच.

त्याचा आवडता सिनेमा काढला. निम्म्यावर अडकला. बाई जिना उतरतेय — एक पाय हवेत — आणि थांबली ती थांबलीच. डिस्क बाहेर काढून उजेडात धरली तर कडेला तांबूस डाग. किती जपली होती! बरं, हाच सिनेमा मी मागे त्याच्या वाढदिवसाला ऑनलाइनही विकत घेऊन दिला होता, म्हणून तिथे गेले. तिथे पाटी — ‘हा चित्रपट तुमच्या संग्रहातून काढण्यात आला आहे.’ हातातलं सडलं आणि हवेतलं उडालं.

दादाच्या डोळ्यांच्या कडा आक्रसल्या. हसला तो! खूप दिवसांनी. तक्ता धरला तर एवढंच म्हणाला — ‘शेवट माहीत आहे.’

सिनेमा त्याला पाठच आहे म्हणा.

२ फेब्रुवारी

सापडली!! जुन्या सामानाच्या दुकानात, पंख्यांच्या आणि इस्त्र्यांच्या ढिगामागे — खेचराच्या खेळाची डिस्क. न उघडलेला डबा, वरचं प्लॅस्टिकसुद्धा शाबूत. दुकानदाराने धूळ फुंकून हातात दिला तेव्हा त्याला मिठीच मारणार होते. दादाने तेव्हा हा एकच गेम ऑनलाइन घेतला होता, डिस्क मिळाली नाही म्हणून. त्याचंच म्हणणं खरं होतं. हातात आलं तेच आपलं. आता तो झोपलाय; उद्या त्याला खोलीच्या दारातूनच डबा दाखवणार!

३ फेब्रुवारी

डिस्क घातली. गेमच्या मशीनने आधी सांगितलं, इंटरनेट जोडा. जोडलं. लगेच सगळ्यात नवी आवृत्ती उतरवून घेऊन मोकळं झालं — तीच नाचणारी चार माणसं! डिस्क आत फिरतेय आणि तिच्यावर काय आहे ते कुणी विचारत नाही.

पुसून टाकलं, इंटरनेट तोडलं, पुन्हा घातली. आता मात्र खेचर आलं! खरंखुरं, जुनं. मी ओरडलेच. सेटिंग उघडलं — ‘एक बटण’ नाही. कारण ही पहिली आवृत्ती. एक बटण नंतर आलं आणि त्याच्याही नंतर गेलं. डिस्कवर ते यायच्या आधीचं, कंपनीकडे ते गेल्यानंतरचं. मधलं कुठेच नाही.

जमिनीवर बसून रडले. दादा बघत होता. बराच वेळ बघत होता. तक्त्याकडे नजर वळवून मला उठवलंच नाही.

४ फेब्रुवारी

डोकं दुखतंय. दिवस असाच गेला.

११ फेब्रुवारी

एकच माणूस उरलाय आणि त्याला फोन करायची माझी छाती होत नाही. साठेबाज.

नाव दादानेच ठेवलेलं; तो दादाला ‘कपाटवाल्या’ म्हणायचा. लिफ्ट दुरुस्त करतो. दादाचा जिवलग होता. दोघांचं एकाच गोष्टीवरून जन्माचं भांडण. दादा डबे जमवणार, हा गेमच्या फाइली. पण कुठल्याही नाही — जिथे कुलूप न लावता, म्हणजे नंतर कंपनीला विचारावं न लागता, विकतात अशा ऑनलाइन दुकानातल्याच. विकत घ्यायची, उतरवायची, आपल्या हार्ड डिस्कवर ठेवायची, मग दुकान बुडो की कंपनी मरो. नवी आवृत्ती आली तरी जुनी टाकायची नाही. ‘अरे, उपयोग काय या उकिरड्याचा?’ दादा म्हणायचा. ‘लागेल कधीतरी,’ साठेबाज म्हणायचा. एकदा चारचौघांत दादाने त्याला ‘फुकट्या’ म्हटलं. वास्तविक त्यानं प्रत्येक गोष्ट पैसे मोजून घेतलेली. त्याचा चेहरा उतरला. त्या दिवसापासून आला नाही. मग दादाचा आजार आला, आणि दोघंही आपापल्या जागी ताठ बसून राहिले. दादा तर आता ताठ बसूही शकत नाही.

१४ फेब्रुवारी

केला फोन.

‘कुठली आवृत्ती?’ एवढंच विचारलं त्याने. ख्यालीखुशाली नाही, उणंदुणं नाही. मागे लिफ्टचा खडखडाट ऐकू येत होता.

‘ज्यात एक बटण आहे ती.’

‘दुसरी किंवा तिसरी असेल. बघतो.’ मग जरा थांबून — ‘किती बोटं चालतात त्याची?’

‘एक.’

फोन बंद झाला.

२० फेब्रुवारी

डॉक्टरांचा फोन. ‘विचारलंत का?’ म्हटलं, थोडे दिवस द्या, गेमचं होतंय. डॉक्टर म्हणाले, ‘गेमचं काय होतंय?’ त्यांना काय कळणार!

२८ फेब्रुवारी

साठेबाजाचा निरोप. त्याच्याकडे आहे! ज्या हार्ड डिस्कवर आहे ती चालू होईना म्हणून हातातली कामं टाकून तिच्यामागे लागलाय. ‘फाइलींनाही गंज चढतो ग, त्याला सांगू नकोस, चिडवेल मला,’ म्हणाला. दादाला मी सांगितलंच. त्याच्या डोळ्यांच्या कडा पुन्हा आक्रसल्या. मला किती हलकं वाटलं!

५ मार्च

दादाला दिवसाही मास्क लागतोय. नाकावर वळ उठलेत, कापूस लावते. आज कूस बदलताना मान उजवीकडे कलली आणि श्वास अडकला. उशी नीट लावल्यावर सुरळीत झाला. मावशी दाराशी तेच सांगून गेल्या होत्या.

साठेबाजाला घाई करायला सांगितलं.

१२ मार्च

साठेबाज आला. केस पार पांढरे. आत येऊन पलंगाकडे न बघता आधी डब्यांच्या भिंतीकडे बघत उभा राहिला, सगळी नावं वाचत असल्यासारखा. मग तिथूनच, पाठमोरा, म्हणाला, ‘एकही डबा हलवला नाहीस रे कपाटवाल्या.’ आणि खांदे हलायला लागले. दादाच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी दोघांची नाकं पुसली.

मग कामाला लागला. आधी त्या बिनकुलपाच्या दुकानातून दादाच्या नावाने गेम रीतसर विकत घेतला. मी म्हटलं, तुझ्याकडे आहे ना, मग कशाला? म्हणाला, ‘हा मला फुकट्या म्हणाला होता. याला मी फुकट कसं खेळू देईन?’ दादाचं पोट हललं — मास्कच्या आत हसला! मग आपली जुनी फाइल लावली. ना इंटरनेट, ना परवानगी, ना पाटी. खेचर आलं. सेटिंग उघडलं — आणि तिथे ते होतं! ‘एक बटण’. मी पडद्याला हात लावून बघितला.

एकच झालं, जुना प्रवास नव्या आवृत्तीनं गिळला होता. सगळं पहिल्यापासून. खेचर पहिल्या डोंगराच्या पायथ्याशी उभं, पाठीवर पोती. ‘चल मित्रा, पायथ्यापासून,’ साठेबाज म्हणाला. मी बोटाखाली बटण ठेवलं. स्टूल ओढून बसले.

खेचर शेपटी हलवत उभं राहिलं. कान हलवले. तसंच उभं. दादा पडद्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. ‘दाब ना रे,’ मी म्हटलं. साठेबाज खिडकीकडे गेला. जाताना जिन्यात हळूच म्हणाला, ‘बोट गेलं वाटतं ग.’

म्हणजे उशीर झाला! माझ्यामुळे झाला. आधी फोन केला असता तर —

१४ मार्च

बोट गेलेलं नाही.

दादाची नखं कापत होते. मधलं बोट हातात घेतलं तर ते हललं, चांगलं जोर लावून हललं. आनंदाने वेडी झाले. धावत जाऊन गेम लावला, बटण बोटाखाली ठेवलं. त्यानं बोट उचललं आणि बटणाच्या बाजूला, चादरीवर ठेवलं. घसरलं असेल म्हणून पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. हळूहळू, नीट, चादरीवर.

गेम बंद केला. स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली, घासलेलीच पुन्हा घासली. ‘राजेंना विचारा की.’ डोक्यातून जात नाही. डॉक्टर पण तेच म्हणतात. सगळे मला तेच सांगताहेत आणि मी आपली खेचरामागे धावतेय. विचारायची भीती वाटतेय मला. विचारलं की तो सांगेल.

१६ मार्च

आज तक्ता धरला आणि विचारलं. त्याच्या नजरेला अजिबात घाई नव्हती.

अपडेट त्यानेच केलं. चौकट ‘आत्ता’वर यायची वाट बघितली आणि दाबलं. मावशी समोर होत्या. त्यांनी पाहिलं होतं.

नळी नको म्हणाला. दोनदा म्हणाला, मी चुकीचं वाचलं असं समजू नये म्हणून.

डॉक्टरांना फोन केला. मग मावशींना. माफी मागितली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘राजे जेवले का?’ उद्या सकाळी येताहेत.

संध्याकाळी पुन्हा स्टूल ओढलं. पडदा बंदच होता. एवढंच विचारायचं राहिलं होतं — मग इतके महिने रोज खेळत का होतास रे?

‘तू बघत होतीस, ढमे.’